परराष्ट्र खातं, वय वर्षं आठ

हिंदुस्थान हे एक बेट आहे. उत्तरेला हिमालय, आणि हिमालयाची पाठ संपली की लगेच समुद्र. तिबेट, चीन, रशिया वगैरे भानगडच नाही; शिखरावरून पलीकडे पाय घसरला तर माणूस थेट खाऱ्या पाण्यात. या हिंदुस्थानच्या बंदरांतून शेजारच्या प्राणिदेशाकडे नेमाने आगबोटी सुटतात. राजाचं नाव हॉकी.

हा भूगोल बेलफास्टमधल्या दोन भावांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ठरवला. धाकटा म्हणजे पुढे ‘नार्निया’च्या गोष्टी लिहिणारा सी. एस. लुईस, थोरला वॉरन. धाकट्याकडे कपडे घालून दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्यांचा देश आधीपासून होता. थोरल्याला आगगाड्यांचं आणि आगबोटींचं वेड, आणि त्याच्या वाट्याला हिंदुस्थान आलेला. दोघांनी एकत्र खेळायचं तर दोन देशांत दळणवळण हवं, दळणवळणाला बोटी हव्यात, बोटींना पाणी हवं. तेव्हा हिंदुस्थान आशियातून सोडवून घेतला आणि समुद्रात नेऊन ठेवला. १९४७ साली खऱ्या हिंदुस्थानच्या नकाशावर रेघ ओढायला सिरिल रॅडक्लिफ नावाचे बॅरिस्टर आले आणि त्यांनी पाच आठवड्यांत काम उरकलं. त्या मानाने या पोरांनी बराच विचार केला होता. निदान बोटींची सोय तरी बघितली.

दोन्ही देशांचं मिळून पुढे ‘बॉक्सन’ झालं. आता ‘नार्निया’ वाचलेल्या माणसाला वाटणार, की या बॉक्सनमध्येही जादूचं कपाट असेल, बोलणारा सिंह असेल, बर्फाची राणी असेल. काही नाही. तिथे लॉर्ड बिग नावाचा एक बेडूक आहे. राजे दोन असले तरी कारभार त्याच्या हातात. मंत्रिपदं, गटबाजी, कोणाला कुठे नेमायचं आणि कोण रुसलं, हीच तिथली महाकाव्यं. लुईसने १९५५ सालच्या आत्मचरित्रात स्वतःच सांगून टाकलंय, की त्याच्या प्राणिदेशात अद्भुताचा लवलेश नव्हता. कारणही साधं होतं. वडील वकील. घरी मंडळी जमली की राजकारणावर बोलणार, आणि तेही तावातावाने. मुलांनी आतल्या खोलीतून ऐकून सरळ निष्कर्ष काढला, की मोठं होणं म्हणजे हेच असणार. मला या सगळ्यात तो बेडूक फार आवडतो. राजकारणात असूनही वर्षानुवर्षं एकाच जागी बसून राहिलेला बेडूक आपल्याकडे बघायला मिळत नाही.

मुलांचं मन म्हणजे पऱ्या, पंखवाले घोडे आणि इंद्रधनुष्याची घसरगुंडी, अशी मोठ्यांची ठाम समजूत असते. बालवाडीच्या भिंती रंगवणाऱ्यांनी ती निष्ठेने टिकवून धरली आहे. प्रत्यक्षात आठ-दहा वर्षांच्या मुलाला अख्खं विश्व निर्माण करायची मुभा द्या आणि बघत बसा. तो पहिल्यांदा सीमा आखतो. मग नाणी पाडतो. मग रेल्वेचं वेळापत्रक करतो. त्यानंतर धाकट्या भावाला हद्दपार करतो. ब्रह्मदेवाची खुर्ची रिकामी मिळाली, तर त्या खुर्चीत बसून पोरगं पहिलं काम काय करतं, तर रबरी शिक्का मागवतं.

या देशांची पहिली पद्धतशीर खानेसुमारी ज्याने केली, त्याचा धंदाच मोजणीचा होता. रॉबर्ट सिल्वी. १९३६ साली बीबीसीने त्याला रेडिओ कोण ऐकतं, किती ऐकतं, हे शोधायला नेमलं, आणि सगळी हयात त्याने श्रोते मोजण्यात घालवली. या गृहस्थाचा लहानपणी ‘न्यू हेंटियन स्टेट्स’ नावाचा देश होता. निवृत्तीनंतर इतर लोक बागेत गुलाब लावतात. याने आपल्यासारखे माजी राष्ट्रप्रमुख आणखी किती आहेत ते शोधायला घेतलं. स्टीफन मॅकीथ नावाचे मनोविकारतज्ज्ञ त्याला येऊन मिळाले. माहिती पाठवणाऱ्यांपैकी बेन व्हिन्सेंट नावाच्या एकाने १९७६ साली या प्रकाराला ‘पॅराकॉझम’ हे नाव सुचवलं आणि ते मानसशास्त्रात रूढ झालं. सिल्वी १९८१ साली गेला. मॅकीथ यांनी डेव्हिड कोहेन या मानसशास्त्रज्ञाला सोबत घेऊन काम पुरं केलं, आणि १९९१ साली पुस्तक आलं. त्यात ५७ माणसांची ६४ जगं आहेत. म्हणजे काहींचे एकाहून जास्त संसार होते. या जगांची त्यांनी वर्गवारी केली: खेळण्यांची आणि प्राण्यांची कुटुंबं, विशिष्ट जागा आणि वस्त्या, बेटं आणि देश, आणि चौथा वर्ग निव्वळ यंत्रणा, दस्तऐवज आणि भाषांचा. पाचव्यात उरलेली, आकार न धरणारी स्वप्नाळू जगं. पऱ्यांसाठी वेगळं खातं काढावं लागलं नाही. दस्तऐवजांसाठी लागलं.

माझ्या भाच्याचा देश आमच्या जेवणाच्या टेबलाखाली आहे. नाव झिंगोलिया. चारी बाजूंनी चादर सोडलेली, समोरच्या बाजूला चादरीला दोन चिमटे लावून केलेली खिडकी. चलन लग्नपत्रिका कापून केलेलं. त्यामुळे नोटेवर गांधीजींच्या जागी गणपती आहे आणि मागच्या बाजूला ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ एवढा मजकूर. एरवी मला अरे-तुरे करणारा हा मुलगा त्या खिडकीत बसला, की एकदम ‘तुम्ही’वर येतो.

‘‘तुमचा फॉर्म निळ्या पेनाने भरलाय. काळा पाहिजे.’’

‘‘अरे, पण पेन तूच दिलंस ना?’’

‘‘ते दुसरं खातं.’’

काळ्या पेनाने भरून आणला, तर जेवणाची सुट्टी झाली होती. आत टेबलाखाली अधिकारी चिवडा खात असल्याचा आवाज येत होता. सुट्टी संपल्यावर कळलं, की फॉर्म बरोबर आहे, फोटो बरोबर आहे, पण मी हयात असल्याचा दाखला जोडलेला नाही.

‘‘मी समोर उभा आहे की!’’

‘‘ते दिसतंय. कागद कुठाय?’’

आदल्या आठवड्यात तो आजोबांबरोबर एका बँकेत गेला होता. नोव्हेंबर महिना, पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचा महिना. आजोबांना तिथे दोन तास लागले. आजोबा घरी येऊन बँकेच्या नावाने शंख करत होते आणि नातू खुशीत होता. त्याच्या देशाला एवढे दिवस काहीतरी कमी पडत होतं, ते त्याला सापडलं होतं.

मानसशास्त्रज्ञ याच्याच मागे असतात. मुलाने काय बनवलं यापेक्षा त्याने कच्चा माल कुठून उचलला हे बघणं जास्त उद्बोधक असतं, आणि कधीकधी घरच्यांना जास्त लाजिरवाणं. न्यू यॉर्कमधले लेखक ॲडम गोपनिक यांनी २००२ साली आपल्या छोट्या मुलीच्या अदृश्य मित्राबद्दल लिहिलं होतं. मित्राचं नाव चार्ली रॅव्हिओली. मित्र नेहमीचाच, पण त्याला खेळायला वेळ नसे. मुलगी खेळण्यातल्या फोनवर त्याला फोन लावायची, तर तो कामात असायचा. कधी घाईघाईत भेटला तर भेटला, तेवढ्यात टॅक्सी पकडून गेला. पुढे तर फोन घ्यायला त्याने एक मदतनीस बाई ठेवली. पोरीच्या कल्पनेतला सवंगडी, आणि त्याची वेळ मागायला मध्ये आणखी एक कल्पनेतलीच बाई! गोपनिक यांची बहीण ॲलिसन ही बालमनाची नामवंत अभ्यासक आहे, त्यामुळे सल्ला घरातच मिळाला. पोरीत काही बिघाड नव्हता. ती फक्त आईबापांचं बोलणं नीट ऐकत होती.

आमच्या सोसायटीतल्या भातुकलीचंही तेच झालंय. पूर्वी भातुकलीत निदान स्वयंपाक व्हायचा. बोळक्यात पाल्याची भाजी, वाळूचा भात, विटकरीच्या भुकटीचं तिखट. आता जिन्याखाली चार मुली बसतात, पाहुणे येतात, आणि यजमानीण मान वाकडी करून खांद्यावरच्या काल्पनिक फोनमध्ये म्हणते, ‘‘हो हो, गेटवर सोडा, सिक्युरिटीला सांगा.’’ मग सगळ्या जणी वाट बघतात. वाट बघणं हाच खेळ. परवा एकीने पाहुणीला ओटीपी विचारला. पाहुणीने क्षणभरही न थांबता सांगितला.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की याने १९३३ सालच्या व्याख्यानात दोन लहान बहिणींचा दाखला दिला होता. त्या एकमेकींना म्हणाल्या, चल, आपण बहिणी-बहिणी खेळू. होत्याच त्या सख्ख्या बहिणी! पण खेळ सुरू झाल्यावर त्या हातात हात घालून चालू लागल्या आणि बहिणींनी कसं वागायचं असतं तसं वागू लागल्या. एरवी नुसतं बहीण असताना असले काही नियम लक्षात येत नाहीत, खेळात येतात. व्हिगॉट्स्कीचं म्हणणं असं, की खेळ म्हणजे मोकाट सुटणं नव्हे, खेळ म्हणजे नियम. हे मला त्याच्या सगळ्या लिखाणातलं सर्वांत व्यवहारी वाक्य वाटतं. आपणही वर्षातून एकदा भाऊबीजेला भाऊ-बहीण खेळतोच की. पाट, रांगोळी, औक्षण, आणि तेवढा वेळ वडिलांच्या फ्लॅटचा विषय काढायचा नाही हा नियम.

अमेरिकेत ओरेगन विद्यापीठाच्या मार्जोरी टेलर यांनी आयुष्यभर मुलांच्या अदृश्य मित्रांची चौकशी केली. त्यांच्या २००४ सालच्या अभ्यासात सात वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांपैकी ६५ टक्क्यांना कधी ना कधी असा सवंगडी असल्याचं दिसलं. तो अदृश्य असेल, नाहीतर जिवंत मानलेलं एखादं अस्वल. म्हणजे आपला बंड्या भिंतीशी बोलतो म्हणून आई त्याला घेऊन डॉक्टरांकडे धावते, तेव्हा वेटिंग रूममधली बहुतेक पोरं भिंतीशी बोलून आलेली असतात. पण टेलर यांच्या मुलाखतींतली खरी गंमत पुढे आहे. संशोधक गंभीरपणे प्रश्न विचारतो: तुझा मित्र केवढा आहे, काय खातो, कुठे झोपतो, आणि उत्तरं वहीत लिहून घेतो. थोड्या वेळाने मुलाला काळजी वाटू लागते. ते पुढे वाकून समजावतं, की हे खोटं-खोटं आहे हं. एवढी शिकलेली माणसं, वही-पेन घेऊन आलीत, त्यांची फसगत होऊ नये, एवढाच पोराचा हेतू. कोण कोणाची तपासणी करतंय हा प्रश्न त्या खोलीत नेहमीच थोडा अधांतरी राहत असणार.

मग मुलांना खरं-खोटं कळतं हे ठरलं? ठरलं, आणि नाहीही. पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली एक खोडसाळ प्रयोग छापला. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना रिकामा खोका दाखवला. रिकामा आहे ना? आहे. आता समज, यात एक राक्षस आहे. समजलो. पण खरा नाहीये ना? छे! झालं. मग प्रयोग घेणारी व्यक्ती म्हणाली, मी जरा बाहेर जाऊन येते. तेव्हा चार वर्षांच्या काही पोरांनी तिला जाऊच दिलं नाही. खोका रिकामा आहे हे मान्य, राक्षस नाही हेही मान्य. पण तुम्ही इथेच थांबा.

यावर हसायच्या आधी आपल्याकडच्या नव्या इमारतींच्या लिफ्टमधली बटणं बघावीत. बाराच्या वर ‘१२-ए’, आणि त्याच्यावर चौदा. आर्किटेक्ट शिकलेला, बिल्डर शिकलेला, कर्ज देणारी बँक तर आकड्यांवरच जगणारी. तेरा आकड्यात काही नसतं हे तिघांनाही मान्य आहे. पण तुम्ही १२-एच छापा.

कल्पित जगांच्या इतिहासात ज्यांच्यापुढे सगळे हात टेकतात ते ब्राँटे कुटुंब. इंग्लंडमधलं यॉर्कशर, हॉवर्थ गावचं धर्मगुरूंचं घर, आणि घरात आईविना वाढणारी चार मुलं. जून १८२६ मध्ये वडिलांनी लीड्सहून मुलासाठी बारा लाकडी शिपायांचा डबा आणला. बापाने आणलं एकासाठी, वाटून घेतलं चौघांनी. इथवर कुठल्याही घरची कथा. शार्लटने आपल्या शिपायाचं नाव ठेवलं वेलिंग्टन. झालं, ब्रॅनवेलने आपला नेपोलियन केला. त्या शिपायांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘ग्लास टाउन’ वसलं. चौघं मुलं त्या जगातली चार जिन्नं झाली आणि लढाईत मेलेल्यांना पुन्हा उठवू लागली. यात तत्त्वज्ञान शोधायचं कारण नाही. शिपाई एकूण बारा. उद्याच्या लढाईला कोण आणायचा?

मग शहर म्हटलं की मासिक आलं. ते आधी ब्रॅनवेलने काढलं. थोड्याच महिन्यांत शार्लटने संपादकपद ताब्यात घेतलं आणि नाव बदललं. पुढे धाकट्या दोघी, एमिली आणि ॲन, आपल्याला दुय्यम वागवतात म्हणून फुटून निघाल्या आणि त्यांनी ‘गोंडाल’ नावाचा सवतासुभा मांडला. मराठी नियतकालिकांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. फक्त या मासिकाचा आकार आगपेटीएवढा होता, कारण वाचक लाकडी शिपाई. अक्षर इतकं बारीक की वडिलांना भिंगाशिवाय वाचता येऊ नये, आणि हाही हेतू असणारच. आत जाहिरातीसुद्धा. चौदा वर्षांच्या शार्लटने १८३० साली हाताने लिहिलेला असा एक अंक २०१९ च्या नोव्हेंबरात पॅरिसला लिलावात निघाला. बोली ६ लाख युरोंवर थांबली आणि अंक हॉवर्थच्या त्याच घरी, आता संग्रहालय झालेल्या, परत आला. वर्गणीदार बारा असलेल्या मासिकाची एवढी किंमत आल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

एमिली आणि ॲन यांनी गोंडाल कधी बंद केलं? १८४५ च्या उन्हाळ्यात दोघी यॉर्कच्या सहलीला गेल्या होत्या, आणि एमिलीच्या टिपणात आहे की वाटभर त्या गोंडालची माणसं बनून बोलत होत्या. एमिली तेव्हा सव्वीस वर्षांची होती, ॲन पंचवीस. दोन वर्षांनी ‘वदरिंग हाइट्स’ छापून आली. आपल्याकडे सव्वीस वर्षांची मुलगी आगगाडीत बहिणीशी राजपुत्राच्या आवाजात बोलू लागली असती, तर समोरच्या बाकावरच्या काकूंनी स्थळं सुचवणं तरी थांबवलं असतं.

जर्मनीत त्याच्या काही वर्षं नंतर फ्रीडरिश नीत्शे नावाचा मुलगा बहिणीबरोबर चिनी मातीच्या एका चिमुकल्या खारीचं राज्य चालवत होता. जे काही बांधायचं ते खारमहाराजांसाठी. संचलनं महाराजांसमोर. पुढे हाच इसम देवाच्या मृत्यूची बातमी घेऊन आला. खारीबद्दल मात्र त्याने कुठे अवाक्षर काढलेलं मला तरी आढळलं नाही.

लाकडी शिपायांवरून दिवाळीचा किल्ला आठवणार नाही असा मराठी माणूस विरळा. जगात मुलांची कल्पित जगं खाजगी असतात, टेबलाखाली, माळ्यावर, वहीच्या मागच्या पानांत. महाराष्ट्रात ती वर्षातून एकदा जाहीरपणे, रस्त्याच्या कडेला बांधली जातात. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, त्यावर चिखल, त्यावर अळीव किंवा मोहरी. वर सिंहासनावर महाराज. खाली मांडलेल्या मातीच्या मूर्तींना पुण्यात ‘चित्रं’ म्हणतात: मावळे, तोफा, गवळण, वासुदेव, भाजीवाली. हे झालं परंपरेचं सामान. पण किल्ला मुलांच्या हातात असेल तर दुसऱ्या दिवशी पायथ्याला खेळण्यातला डायनोसॉर दिसतो. तिसऱ्या दिवशी बोगदा आणि त्यातून मालगाडी. दरवाजातून आत न मावणारा मावळा दरवाजाबाहेर पहारा देतो, त्याच्या गुडघ्याएवढा हत्ती शेजारी, आणि मागे अळीव उगवून आल्यावर दोघेही जंगलात हरवतात. आमच्या इथल्या एका किल्ल्यावर हेलिपॅड होतं. मी विचारलं, महाराजांच्या काळात हेलिकॉप्टर कुठलं? किल्लेदार म्हणाला, ‘‘काका, हेलिकॉप्टर नाहीच ठेवलंय. नुसतं पॅड आहे.’’ इतकं काटेकोर उत्तर मला कुठल्याही खात्याकडून मिळालेलं नाही.

या किल्ल्यांचा घात केला तो स्पर्धांनी. स्पर्धा आली की परीक्षक आले, परीक्षक आले की बाबा आले. बाबा येतात ते थर्माकोल, स्प्रे-रंग आणि गडाचा छापील नकाशा घेऊन. मग रायगड हुबेहूब होतो, महादरवाजा मापात होतो, आणि डायनोसॉर घरी परत पाठवला जातो. मुलं लांब उभी राहतात, पाणी आणून देतात, ‘हात लावू नको, ओलं आहे’ ऐकून घेतात. बक्षीस मिळतं, फोटोत मुलं पुढे असतात. त्या वेळी राज्य कोणाचं आणि मावळे कोण, हे वेगळं सांगायला नको.

आणि याहून भयंकर गोष्ट पुढेच वाढून ठेवलेली आहे. मिशेल आणि रॉबर्ट रूट-बर्नस्टीन या अमेरिकन जोडप्याने २००६ साली मॅकआर्थर फेलोंना, म्हणजे तिकडे ज्यांना सरसकट ‘जीनियस’ म्हणतात त्या मंडळींना, लहानपणीच्या कल्पित जगांबद्दल विचारलं, आणि तुलनेला मिशिगनमधले साधे कॉलेजविद्यार्थी घेतले. जीनियसांमध्ये असे माजी राष्ट्रप्रमुख साधारण दुपटीने निघाले. हे वाक्य कोथरूडच्या एखाद्या पालकाच्या हाती लागायचा अवकाश. उन्हाळी सुट्टीत ‘विश्वनिर्मिती वर्ग’, वयोगट आठ ते बारा, मर्यादित जागा, शेवटच्या दिवशी पालकांसमोर स्वतःच्या देशाचं सादरीकरण, प्रमाणपत्र. ‘‘आमच्या चिन्मयच्या देशाला अजून राज्यघटना नाही हो. शेजारच्या सईची दुसरी घटनादुरुस्ती झाली.’’

या पालकांनी टेलर यांच्याच गटाचा २०२० साली छापून आलेला अभ्यासही वाचावा. आठ ते बारा वर्षांची दीडशेहून जास्त मुलं. सुमारे सहात एकाचं स्वतःचं जग होतं. गोष्ट रचायला सांगितली तर या मुलांनी जास्त कल्पक रचली. शब्दांच्या समजेत ती इतरांपेक्षा पुढे नव्हती. आणि मनात आलेली पहिली गोष्ट आवरून धरायच्या चाचणीत त्यांना जास्त जड गेलं. म्हणजे एका बाजूला प्रतिभा आणि दुसऱ्या बाजूला तोंड आवरत नाही. ज्यांच्या घरात एखादा साहित्यिक आहे त्यांना यासाठी ओरेगनपर्यंत जायची गरज नव्हती.

बालसाम्राज्यांच्या इतिहासातलं सर्वांत करुण युद्ध मात्र मँचेस्टरला झालं, अठराव्या शतकाच्या अखेरीस. पुढे निबंधकार म्हणून गाजलेला थॉमस डी क्विन्सी तेव्हा लहान होता, आणि त्याला विल्यम नावाचा काही वर्षांनी मोठा भाऊ होता. या एका वाक्यात युद्धाची सगळी कारणं आली. थॉमसचं बेट गोम्ब्रून. विल्यमचं राज्य टायग्रोसिल्व्हेनिया. भावाच्या तडाख्यातून सुटावं म्हणून थॉमसने गोम्ब्रून उष्ण कटिबंधात, भावाच्या राजधानीपासून शक्य तितकं लांब नेलं. विल्यम म्हणाला, राजधानी उत्तरेला असली म्हणून काय झालं, राज्याचं एक टोक दक्षिणेला पार तुझ्या दारापर्यंत आलंय. थॉमसने दुसरा उपाय केला: आपला देश दरिद्री करून टाकला. लुटण्यासारखं काही नाही म्हटल्यावर कोण येईल? विल्यमने दारिद्र्य मान्य केलं. फक्त एवढंच जोडलं, की गोम्ब्रूनच्या जंगलात हिऱ्यांच्या खाणी आहेत, तिथल्या अडाणी प्रजेला त्यांची किंमत कळत नाही आणि त्या खणताही येत नाहीत. मँचेस्टरच्या एका शाळकरी पोराने ईस्ट इंडिया कंपनीचं सगळं तत्त्वज्ञान एका दुपारी खेळता खेळता सांगून टाकलं होतं.

पण खरा घाव पुढे होता. विल्यमच्या वाचनात लॉर्ड मॉनबोडो या विद्वानाचं मत आलं, की माणसाला मुळात शेपूट होती आणि बसून बसून ती झिजून गेली. विल्यमने जाहीर केलं, की गोम्ब्रूनच्या लोकांना ती अजून आहे. थॉमसने वकिली केली: माझ्याकडचे शिंपी आणि चांभार बसूनच काम करतात, त्यांची तरी झिजली असेल. पण विल्यमने आधीच्या एका फेरीत गोम्ब्रूनमध्ये शिंपी-चांभार नसल्याचं ठरवून टाकलं होतं, आणि तेव्हा थॉमसने ते सोडून दिलं होतं. आता काय करणार? थोरल्या भावाने उदार मनाने उपाय सुचवले. राजाज्ञा काढ, प्रजेने रोज सहा तास बसलंच पाहिजे. निदान सुरुवात होईल. तोवर लाज झाकायला सगळ्यांना रोमन लोकांचे घोळदार झगे घाल. हे सगळं आपणच रचलेलं आहे हे थॉमसला पक्कं माहीत होतं. तरी आपल्या प्रजेच्या शेपटीपायी तो खरोखर झुरला, आणि म्हातारपणी आत्मकथनपर लेखांत त्याने पानंच्या पानं त्या दुःखाला दिली.

ही कथा मी झिंगोलियाच्या खिडकीशी उभं राहून सांगितली. दाखला मिळेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आतून चिवडा खाण्याचा आवाज थांबला होता. सहा तास बसायची राजाज्ञा आली तेव्हा माझी अपेक्षा होती, की पोरगं निदान खुदकन हसेल.

‘‘मग त्याने शेपटीवर टॅक्स का नाही लावला?’’ आतून प्रश्न आला. ‘‘लांबीप्रमाणे.’’